वीसपैकी आठ

"घरी वीसपैकी वीस आणि वर्गात वीसपैकी आठ," प्राचार्या म्हणाल्या. "मालू घरतचे सलग पाच आठवडे असेच. अरुंधती, याला कॉपी नाही तर काय म्हणायचं?"

खांदा कॉलनीतल्या या संस्थेत अरुंधती नोकरदार बायकांना नर्सिंग शिकवायची. वर्गातल्या बहुतेक जणी चाळिशीच्या आसपासच्या, दवाखान्यात आया म्हणून राबणाऱ्या. त्यांच्यासाठी ऑनलाइन चाचण्या तिनंच सुरू केल्या होत्या. आठवड्यात एक घरी सरावाची, एक वर्गात तिच्यासमोर. दोन्ही मोबाइलवर. शेवटचं बटण दाबलं की निकाल हजर.

"मी बोलते मालूताईंशी," ती म्हणाली.

"बोल. पण महिनाअखेरच्या परीक्षेत बारा मिळाले नाहीत, तर नाव कमी होईल. नियम सगळ्यांना सारखा."

मालू घरत त्रेचाळीस वर्षांची. अठरा वर्षं एका दवाखान्यात आया. तास संपल्यावर ती थांबली.

"घरी चाचणी कोण सोडवतं, मालूताई?"

"मीच. पण पोरगी बसते बाजूला, समीक्षा. ती समजावते, मग मी बटन दाबते. खोटं नाय सांगत."

"आणि वर्गात?"

"वर्गात ती नसते ना, मॅडम."

अरुंधतीनं तिची वर्गातली चाचणी उघडली. कुठल्या प्रश्नाला आधी काय निवडलं, मग काय बदललं, सगळी नोंद त्यात होती. आठ तासांत पाचशे मिली सलाइन द्यायचं, तर मिनिटाला किती थेंब? मालूनं आधी सोळा निवडलं होतं. मग खोडून साठ.

"बरोबर उत्तर बदललंत कशाला?"

"बोट घाबरतं माजं," मालू म्हणाली आणि खाली बघत राहिली.

अरुंधतीला ते पटलं. मोठ्या वयात शिकायला आलेल्या बायकांना पडद्यावरच्या घड्याळाची धास्ती वाटते, हे तिनं बघितलं होतं. तरी खात्री करावी म्हणून रविवारी ती करंजाडेला त्यांच्या घरी गेली.

जिन्यातच मालूनं तिला थांबवलं. "आत समीक्षा हाय. तिला कॉलेजचं काय विचारू नका."

मग हळूच सगळं सांगितलं. समीक्षा मुंबईत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या ड्युटीत एक तान्हं बाळ गेलं. चौकशी झाली, तिची काही चूक नव्हती. पण पोरगी बॅग भरून घरी आली ती आलीच. दीड वर्षात जिना उतरली नव्हती.

आत पडद्याच्या दांडीला पाण्याची बाटली उलटी टांगलेली होती. झाकणाच्या भोकातून थेंब थेंब पाणी बादलीत पडत होतं. समीक्षा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजत होती.

"सोळा! बघ आई, सोळा म्हणजे एवढे हळू. साठ म्हणजे धारच लागेल. दर वेळी सगळं कळलं म्हणतेस, मग वर्गात परत आठच कसे येतात?"

मालू ओशाळून हसली.

अरुंधती बराच वेळ बघत होती. इतकं सोपं करून तिलाही शिकवता आलं नसतं. निघताना ती म्हणाली, "समीक्षा, हे वर्गात येऊन शिकवशील? महिनाअखेरपर्यंत फक्त."

समीक्षाचा चेहरा उतरला. "मला नाही जमणार, मॅडम. बाहेर नको."

"ऱ्हाऊ दे मॅडम," मालू म्हणाली. "नाव कापलं तर कापलं. आया हाय, आयाच ऱ्हाईन."

समीक्षानं आईकडे बघितलं. मग बाटली रिकामी होईपर्यंत ती थेंबांकडे बघत बसली.

मंगळवारी समीक्षा वर्गात आली. रिक्षात डोळे मिटून बसली होती, असं मालूनं सांगितलं. पहिला दिवस तिनं मागच्या बाकावर आईचा हात धरून काढला. तिसऱ्या दिवशी पुढच्या बाकावरच्या गोदूताई वही घेऊन तिच्याजवळ गेल्या. "पोरी, हे मला पण सांग ना." त्यांच्यामागोमाग आणखी चौघी गेल्या. दुसऱ्या आठवड्यात समीक्षा फळ्यासमोर उभी होती. गोदूताई सहावरून तेरावर आल्या.

मालू मात्र नऊवर अडकली. एकदा दहा आले, पुन्हा नऊ. समीक्षा चिडायची, नव्यानं समजवायची, कागदाची चित्रं कापून आणायची. गरोदरपणाचा पाठ तिनं टाळला नाही. तान्ह्या बाळाचाही नाही. त्या दिवशी तिचा आवाज मध्येच थांबला. मग तिनं पुढचं वाक्य घेतलं.

अरुंधतीनं समीक्षाच्या जुन्या कॉलेजला फोन केला. दोन फोन, एक अर्ज, आणि कॉलेज तिला दुसऱ्या वर्षाला परत घ्यायला तयार झालं. शुक्रवारी दुपारी समीक्षानं प्रवेशाच्या फॉर्मवर सही करून तो कॉलेजला पाठवला.

शनिवारी परीक्षा. समीक्षाला वर्गात सोडलं नाही. प्राचार्या स्वतः दारात उभ्या होत्या आणि अरुंधती मालूच्या मागे. तिला भीती वाटत होती. बारा आले नाहीत तर काय सांगायचं या मायलेकींना?

मालूनं चष्मा लावला. बोट पडद्यावर टेकलं आणि कुठेच न अडखळता चालत राहिलं. सात मिनिटांत तिनं शेवटचं बटण दाबलं.

वीसपैकी वीस.

अरुंधतीनं तिला बाहेर नेलं. व्हरांड्याच्या टोकाला समीक्षा हॉस्टेलच्या बाईंशी फोनवर बोलत होती. खिडकीजवळची खाट मिळेल का, विचारत होती.

"मालूताई, हे कसं झालं?"

मालू लेकीकडे बघत होती.

"तिचा फॉर्म गेला ना, मॅडम," ती हळूच म्हणाली. "आता चुकायची गरज नाय."