सार्थक फरक

धारणीच्या अंगणवाडीत प्रियदर्शनीनं वर्षभर अशक्त लेकरांना मोहाचे लाडू खाऊ घातले. त्यांचं वजन इतर मुलांपेक्षा जास्त वाढलं, पण हिशेबात पी-मूल्य आलं ०.०७. ते ०.०५च्या खाली असतं, तर फरक सार्थक ठरला असता. आता तो योगायोग असल्याची शंका उरली होती. “आजारपणानं वजन न वाढलेले ते तीन लेकरं वगळून टाक,” अमरावतीला तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. “आकडा बरोबर बसते. याच वर्षी पीएचडी होते तुझी.” ती तिघं प्रियदर्शनीच्या मांडीवर बसून खायची. “सर, अशाच लेकरायसाठी तं लाडू केले आपण. त्याईलेच काढलं, तं मंग तपासलं काय?” तिनं तिथंच प्रबंधात लिहिलं, ‘फरक सार्थक आढळला नाही.’ “वर्ष वाया जाईन तुझं,” सर म्हणाले. “जाऊ द्या, सर. औंदा जास्त गावं, जास्त लेकरं घेईन,” म्हणत तिनं सोबत आणलेला वजनकाटा उचलला.