एका दाताचा फरक

“हात नको लावूस. आधी मला खुणा बघू दे,” ती म्हणाली.

नवऱ्याने पोलिसांनी पकडल्यासारखे दोन्ही हात वर केले. गाडीचं बॉनेट उघडं होतं. इंजिनचं वरचं कव्हर काढून टेबलावर ठेवलेलं होतं आणि जुने दोन कॅमशाफ्ट फडक्यावर शेजारी शेजारी पडले होते. नवे अजून खोक्यात होते. दिसायला जुन्यांसारखेच, फक्त त्यांच्यावरचे उंचवटे जरा टपोरे. तेवढ्याने व्हॉल्व्ह जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात आणि इंजिन छाती भरून श्वास घेतं.

तिला तेच हवं होतं. एरवी ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी हळू चालवायला शिकवायची, क्लच सोडताना किंचाळणाऱ्यांना धीर द्यायची. वर्षातून एकदा मात्र ती आपली पांढरी गाडी घेऊन टेकडीच्या शर्यतीत उतरायची. तिथे पायथ्यापासून एकेक गाडी सोडली जायची, वर माथ्यावर वेळ मोजली जायची. आणि दर वर्षी ती लाल गाडी तिच्या नाकावर टिच्चून पहिली यायची. दुसरा नंबर जणू हिच्यासाठीच राखून ठेवलेला. यंदा तिला लाल गाडीला हरवायचं होतं. बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं.

“बसवू का आता?” नवऱ्याने विचारलं. लेथवर उभं आयुष्य काढलेला माणूस तो. लोखंड त्याचं निमूट ऐकायचं.

“बसव. पण तपासणार मी.”

घरातला नियमच होता तो. जो बसवेल त्याने तपासायचं नाही. आपली चूक आपल्याला दिसत नाही, हे दोघं एक चांगला गिअरबॉक्स मातीत घालून शिकले होते.

त्याने नव्या शाफ्टना ग्रीस चोळलं, जागेवर ठेवलं आणि बोल्ट थोडे थोडे करत आवळायला घेतले. ती टॉर्च धरून उभी राहिली.

“त्या लाल गाडीवाल्याचा माज उतरवायचाय मला.”

“उतरव की. मी कुठे आडवा येतोय?”

“आडवा येत नाहीस, पण त्याचं कौतुक ऐकून घेतोस.”

“बरी चालवतो तो. खरं ते बोलावं माणसाने.”

“बरी कसली? तिसऱ्या वळणावर घाबरतो. ब्रेक आधीच दाबतो.”

नवऱ्याचा पाना क्षणभर थांबला. “असं होय? माझ्या नव्हतं लक्षात आलं.”

सासूबाई चहा घेऊन आल्या. “कोणाच्या नावाने खडे फोडताय?”

“लाल गाडीवाल्याच्या.”

“फोडा, फोडा. त्याची आईसुद्धा म्हणत असेल, एकदा तरी हरू दे मेल्याला.”

तिघंही हसले. नवऱ्याच्या हातातला चहा हिंदकळला.

“उद्या माथ्यावर कधी पोचशील?” तिने विचारलं.

“तुझ्या आधी.”

चहा संपवून त्याने चेन चढवली. मग तिची पाळी. तिने इंजिन पान्याने सावकाश पूर्ण फिरवलं, पुन्हा फिरवलं. कुठे अडलं नाही. शाफ्टच्या टोकांना चेन फिरवणारी दातेरी चाकं होती; त्यांच्यावरच्या खुणा इंजिनच्या कडेशी जुळायला हव्या होत्या. तिने उभ्या उभ्याच टॉर्च मारला. जुळल्या होत्या.

“झकास. लाव कव्हर.”

ती हात धुवायला वळली. नवऱ्याने कव्हर उचललं. एक बोल्ट खाली सांडला म्हणून तो वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. इंजिनची कड आता त्याच्या डोळ्यांसमोर होती. तो उठला. कव्हर हातात घेऊन नुसताच उभा राहिला. सासूबाई कपबश्या गोळा करता करता त्याच्याकडे बघू लागल्या.

“अगं, थांब,” शेवटी तो म्हणाला. “इथे खाली वाकून बघ. वरून नको.”

ती वाकली. एका चाकाची खूण कडेपासून एक दात सरकलेली होती. वरून बघताना ते कळतच नव्हतं.

“बसवताना माझं चुकलं,” तो म्हणाला.

“आणि तपासताना माझं.”

“एवढ्याशाने काय होणार होतं?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “गाडी चालू झाली असती. टेकडीपर्यंत मजेत गेली असती. चढावर मात्र तिने दम सोडला असता.”

“आणि कोणाला कधी कळलंही नसतं,” ती हळू आवाजात म्हणाली. तिला एकदम भरून आलं. नवरा मात्र तिच्याकडे न बघता बोल्ट सोडवायला लागला होता.

संध्याकाळी तिने चावी फिरवली. इंजिन आधी खोकलं, मग गुरगुरलं, आणि टेबलावरचे पाने थरथरू लागले. ती गाडीभोवती लहान मुलीसारखी नाचली.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर माणसांची रीघ लागली होती. लाल गाडी तिच्या आधी सुटली. तिसऱ्या वळणावर यंदा ब्रेकचे दिवे लागलेच नाहीत. लाउडस्पीकर ओरडला, “नवा विक्रम!” तिने जीभ चावली.

मग झेंडा तिच्यासाठी खाली आला.

पांढरी गाडी अशी उसळली की तिची पाठ सीटला चिकटली. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. चढ तीव्र होत गेला आणि जिथे दर वर्षी इंजिन धापा टाकायचं, तिथे यंदा ते गायला लागलं. तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललाच नाही. माथ्यावरची रेघ कधी मागे गेली, तेही तिला कळलं नाही.

“पांढरी गाडी!” लाउडस्पीकरवाल्याचा आवाज चिरकला. “आत्ताचा विक्रम आत्ताच मोडला!”

ती स्टिअरिंगवर मुठी आपटत हसत होती, रडत होती. लोकांनी तिला गाडीतून अक्षरशः ओढून काढलं. सासूबाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि त्यांनी सुनेला घट्ट मिठी मारली. “जिंकलीस गं! बाई बाई, काय चालवलीस!”

एवढ्यात लाल गाडीचं दार उघडलं. लोक बाजूला झाले. हेल्मेट काढत, घामाने निथळत तो थेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला.

“अरे, बायकोचं इंजिन इतकं नीट बसवायला तुला सांगितलं होतं कोणी?” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्या मुलाच्या पाठीत लाडाने एक धपका घातला.