मूळ फोटो

बाळंतपणात ती बेशुद्ध होती, आणि शुद्धीवर यायच्या आत बाळ गेलंही होतं. "पण त्याने एकदा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं गं," नवरा म्हणाला होता. उघड्या डोळ्यांचा तेवढा एक फोटो नवऱ्याने काढून ठेवला होता. त्या दोन डोळ्यांच्या आधारावर तिने पुढची सगळी वर्षं रेटली.

आज नवऱ्याला चकित करायचं म्हणून तिने घरच्या कॉम्प्युटरवरच्या अल्बममधून तो फोटो पेन ड्राइव्हवर घेतला आणि मोठा करून फ्रेम करायला स्टुडिओत नेला. स्टुडिओवाल्याने तो आपल्या प्रोग्राममध्ये उघडला.

पडद्यावरच्या बाळाचे डोळे मिटलेले होते.

"हा नाही हो तो फोटो," ती म्हणाली.

"हाच आहे, ताई. घरच्या अल्बममध्ये कुणी फोटोवर काम केलेलं असलं, तर ते आमच्या प्रोग्रामला दिसत नाही. इथे मूळ फोटोच उघडतो."

ती त्या इवल्याशा पापण्यांकडे बघत राहिली.

"हवं तर मी डोळे उघडून देतो," तो चाचरत म्हणाला. "कुणाला कळणारही नाही."

 

"द्या उघडून," ती म्हणाली. "मला कळलंय, हे ह्यांना कळायला नको."