गरम कोंडा

कल्पना करा मुलांनो, तुमची लाडकी कोंबडी मऊ कवचाची अंडी घालते आणि आई तिला विकायला निघाली आहे. लाखनीच्या गुड्डीवर तीच वेळ आली. कोंड्यातलं सत्त्व कोंबडीच्या अंगी लागावं म्हणून मामांनी पाचक पूड दिली होती, तरी कवच कडक होईना.

"पूड कायात टाकून राहिली वं?" मामांनी विचारलं.

"उकळत्या कोंड्यात. थंडी हाये ना, मामा!"

"अवं, उकळत्यात पाचक मरते. कोमट झाल्यावर टाक."

आई म्हणाली, "इतवारपर्यंत पाहतो. मंग बाजार."

नव्यानं उकळलेल्या कोंड्याचा वास येताच कोंबडी धावत आली. गुड्डीनं तिला काखेत धरलं आणि वाफाळत्या कोंड्यावर फुंकर घालत बसली.