दीडशे वर्षांचं दुःख

"बायकोला अमर करणं हे प्रत्येक कलावंताचं आद्य कर्तव्य आहे!" हॅम्बर्गच्या संग्रहालयात, दीडशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रकाराने रंगवलेल्या, खिडकीशी बसलेल्या स्वतःच्या बायकोच्या चित्रासमोर नरेंद्ररावांनी जाहीर केलं. त्यांना कलावंत होऊन जेमतेम महिना झाला होता. त्याआधीचा उभा जन्म गिअरबॉक्समध्ये गेला होता. "तिच्या डोळ्यांतली ती असहाय वेदना बघ," ते आपल्या बायकोला, नीलांबरीबाईंना म्हणाले. "अख्ख्या युगाचं दुःख आहे ते."

रविवारी त्यांनी नीलांबरीबाईंना घरी तशाच खिडकीशी बसवलं. हात मांडीवर, आणि अजिबात हलायचं नाही. तासाभराने ते ब्रश उंचावून ओरडले, "गेनाऊ! अगदी बरोबर, हीच वेदना! अगं, कसला विचार करतेयस?"

ओठ न हलवता नीलांबरीबाई म्हणाल्या, "अहो, मघापासून नाक खाजतंय. तेवढं खाजवून घेऊ का?"