विधवेची होडी

सोमवारी राजधानीत, अक्राला कायद्याचं पहिलं वर्ष सुरू होणार, आणि एसिनामला एकही खटला ध्यानात राहीना. आपल्या गावी, केटाच्या खाडीकाठी वाचता वाचता अक्षरं पाण्यावर तरंगत निघून जात. वर्गात उभं करून विचारलं तर?

चर्चमध्ये गाऊन प्रवचन सांगणारे बाबा शेजारी जाळं विणत होते. "पुटपुटतेस काय? गा की, पोरी."

मग मेलेल्या नवऱ्याच्या होडीसाठी कोर्टात गेलेल्या विधवेचा खटला तिने वाऱ्याच्या लयीत गायला. प्रत्येक ओळीनंतर बाबा म्हणत, "आमेन."

सोमवारी कडक स्वभावाच्या सरांनी नेमका तोच खटला विचारला. एसिनाम उभी राहिली, नकळत गाऊ लागली, आणि ओळ संपताच सवयीने 'आमेन'साठी थांबली. तिने जीभ चावली.

सरांनी डोळे मिटले होते. "आमेन," ते हळूच म्हणाले. "मग मिळाली का गं तिला होडी?"