पाट लावल्याची चौकशी

जमादार विठोबा ओट्यावर येऊन बसला तेव्हा वेणूबाई वाळत घातलेले बोंबील उलटत होती. तिने पदराला हात पुसले आणि दाराला टेकून उभी राहिली.

"अर्ज आलाय तुमच्यावर, बाई."

"ठाव हाय. होळीपासून पेन्शन न्हाय मिळालं."

विठोबा स्वतः फौजेतून निवृत्त झालेला. आता सैनिकांच्या कचेरीतर्फे तो गावोगाव फिरून पेन्शनच्या तक्रारी बघत असे. लढाईत मेलेल्या शिपायाच्या बायकोला पेन्शन मिळे. तिने पाट लावला, म्हणजे दुसरा नवरा केला, की ते बंद होई. दिघीच्या वेणूबाईने पाट लावला आहे, असं कोणीतरी सही न करता कळवलं होतं.

वेणूबाईला या नियमाची भीती होती. खालच्या आळीतल्या कोकिळेने पाट लावला आणि तिचं पेन्शन गेलं. पुढे तो नवराही गेला. आता ती डोक्यावर पाटी घेऊन म्हसळ्यापर्यंत सुकट विकत चालत जाई. वेणूबाईचे गुडघे धरलेले होते. तिला मोरीपर्यंत जाताना भिंत लागे.

अंगणात एक माणूस वल्ह्याला दोरी गुंडाळत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"हा कोण?" विठोबाने विचारलं.

"भिकू. पडवीत ऱ्हातो. आगरदांड्याला होडी मारतो."

"तुमचा कोण लागतो?"

"आमच्या तिकडचा हाय. रत्नांग्रीकडचा. मी हितं आले, त्याच्या मागनं दोन वर्षांनी आला. पडवी रिकामी होती."

शेजारची सोनूबाई कुंपणापाशी येऊन उभी होतीच. "पडवी रिकामी आन् चूल एक," ती म्हणाली. "जमादारसाहेब, आमी काय बोलत न्हाय."

"न बोलताच इतकं बोलतेस," वेणूबाई म्हणाली. "भिकू, त्या सोनूला पाट दे बसायला. उभ्यानं तिचे पाय दुखत्याल."

भिकूने खरंच पाट आणून कुंपणाशी ठेवला. सोनूबाई हसली आणि बसली.

विठोबाही हसला. "सोनूबाई, एक सांगा. यांच्यात नवरा-बायकोचं नातं असतं, तर बाईनं त्याला अशी नावानं हाक मारली असती?"

त्या गावात बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. पाटाची असो की लग्नाची, नियम एकच. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सगळ्याच मानत.

"तेवढं खरं हाय," सोनूबाई म्हणाली.

विठोबाने वही काढली. "आता मेलेल्या नवऱ्याचं नाव सांगा."

वेणूबाई जमिनीकडे बघत राहिली.

"कागदावर आहे तुमच्या. पण तुमच्या तोंडून पाहिजे."

बोंबलांवर बसलेला कावळा तिने हाकलला.

"मोरू अंबाजी," सोनूबाईनेच सांगितलं. "माझ्यासमोर तिनं श्रीवर्धनला पेन्शनच्या कागदावर अंगठा दिलाय, मी साक्षीला व्हते. ब्रह्मदेशात मेला. अगो, मेलेल्याचं नाव घ्यायला काय झालं तुला?"

"तू घेतलंस ना? झालं तर मग."

विठोबाने जबरदस्ती केली नाही. नाव लिहून घेतलं. मग म्हणाला, "हरिहरेश्वराची शपथ घ्याल?"

"घेईन की."

तिने आतून देवाजवळचा नारळ आणला, त्यावर हात ठेवला आणि सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "हरिहरेश्वराची आण. लग्नाच्या नवऱ्याबिगर मी दुसरा केला न्हाय. पाट लावला न्हाय."

सोनूबाईने हात जोडले. हरिहरेश्वराची खोटी शपथ त्या किनाऱ्यावर कोणी घेत नसे. ती उठली, पाट उचलून ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "माझ्या मनात कधी नव्हतंच गो." मग ती घरी गेली.

विठोबाला संध्याकाळच्या आत आगरदांडा गाठायचा होता. भिकूने होडी काढली. ओहोटी लागली होती, म्हणून तो काठाकाठाने वल्हवत होता.

"पलटणीत होतास कधी?" विठोबाने विचारलं.

"न्हाय. खलाशी व्हतो."

"आम्ही ब्रह्मदेशात होतो. जंगलात पुष्कळ जण हरवले. काही चालत चालत परत आले. त्यातले काही पलटणीत हजर झाले, काही नाही झाले. पळाला म्हणून तुरुंगात टाकतील अशी भीती."

"मला काय ठाव, साहेब."

"तुला कसं ठाव असणार."

वल्ह्याचा आवाज येत होता.

"पेन्शन चालू व्हईल का तिचं?" भिकूने विचारलं.

"होईल. तिनं पाट लावलेला नाही, असं लिहिणार आहे मी. त्यात खोटं काही नाही."

भिकूने मान हलवली.

"काल मी पलीकडच्या गावात नीराबाईकडं होतो," विठोबा म्हणाला. "तिचाही नवरा लढाईत गेला. कोंबड्यांना हाका माराव्यात तसं ती त्याचं नाव घेत होती. मी म्हटलं, बाई, नाव घेता? तर म्हणाली, मेलेल्याचं आयुष्य आणखी किती कमी व्हायचंय? इतकी वर्षं मी विधवांकडं जातोय. सगळ्या घेतात."

भिकू वल्हवायचा थांबला. होडी आपोआप धक्क्याला लागली.

विठोबा पिशवी सांभाळत दगडावर उतरला. चार आणे काढून त्याने होडीच्या फळीवर ठेवले.

"पुढच्या वर्षी दुसरा साहेब येईल," तो म्हणाला. "तो माझ्यासारखा गप्प बसेलच असं नाही. तिला नाव घ्यायला शिकव, मोरू."